समाज घरात येतो तो कसा

१९०८ च्या जानेवारीत व्हिएन्नातल्या एका पावणेपाच वर्षांच्या मुलाने रस्त्यावर जायचे बंद केले. घोडा चावेल, अशी धास्ती त्याने घेतली होती. सामानाच्या गाड्या, बग्ग्या, माणसांची ने-आण करणाऱ्या मोठ्या गाड्या, जिकडेतिकडे घोडेच. त्यामुळे घोड्याची भीती म्हणजे घराबाहेरच्या जगाचीच भीती होऊन बसली. मुलाचे वडील माक्स ग्राफ संगीताचे अभ्यासक होते आणि फ्रॉईडकडे दर बुधवारी जमणाऱ्या मंडळींपैकी एक होते. मुलगा काय बोलला, त्याने काय विचारले, त्याला कोणते स्वप्न पडले, हे सगळे ते टिपून फ्रॉईडला कळवत. उपचारांच्या काळात फ्रॉईडने मुलाला एकदाच समोर बसवून पाहिले. बाकीचे काम वडिलांनीच केले. १९०९ मध्ये हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला आणि ‘छोटा हान्स’ मनोविश्लेषणाच्या इतिहासातला सर्वांत गाजलेला मुलगा ठरला. घोडा म्हणजे वडील. घोड्याच्या तोंडाभोवतीचे काळे म्हणजे वडिलांची मिशी आणि डोळ्यांवरची झापडे म्हणजे त्यांचा चष्मा. आई आपल्या एकट्याची असावी असे वाटणाऱ्या मुलाला वडिलांच्या शिक्षेचे भय वाटते आणि ते भय घोड्यावर जाऊन बसते. ईडिपस गंडाचा असा जिवंत पुरावा, तोही प्रत्यक्ष लहान मुलात, फ्रॉईडला हवाच होता.

फ्रॉईडचे मोठेपण असे, की आपल्या सिद्धान्ताला अडचणीच्या ठरतील अशा गोष्टीही तो लिहून ठेवतो. मुलगा साडेतीन वर्षांचा असताना आईने त्याला धमकावले होते: इंद्रियाला हात लावशील तर डॉक्टरांना बोलावून ते कापून टाकायला सांगेन. मी निघून जाईन, परत येणार नाही, असेही ती मुलाला म्हणाली होती. बहीण झाली तेव्हा बाळ करकोच्याने आणले असे त्याला सांगण्यात आले आणि त्याचा त्यावर विश्वास बसला नव्हता. आई स्वतः तरुणपणी फ्रॉईडकडे उपचार घेऊन गेलेली. पुढे आईवडील विभक्त झाले. धमक्या आईच्या आणि धास्ती मात्र वडिलांची, हा हिशेब जुळत नाही, असे मनोविश्लेषक एरिक फ्रॉमने बऱ्याच वर्षांनी लिहिले. मला तरी त्याचे म्हणणे पटते.

पण वृत्तान्तात नसलेली एक गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. ती माक्स ग्राफ यांनी १९४२ मध्ये, म्हणजे फ्रॉईडच्या मृत्यूनंतर, आठवणी लिहिताना सांगितली. मुलगा जन्मला तेव्हा त्याला ख्रिस्ती करून घ्यावे का, असा प्रश्न त्यांना पडला होता. कार्ल ल्युगर तेव्हा व्हिएन्नाचा महापौर होता आणि ज्यूंविरुद्ध बोलून तो लोकप्रिय झालेला होता. मुलाच्या वाट्याला हा द्वेष येऊ नये, एवढीच बापाची इच्छा. फ्रॉईडने त्यांना परावृत्त केले. ज्यू म्हणून वाढण्यातून मिळणारे बळ मुलापासून हिरावून घेऊ नका, असा त्याच्या सल्ल्याचा आशय होता. म्हणजे बाहेरचे जग मुलाला चावेल ही भीती त्या घरात मुलाच्या आधीपासून राहत होती. हान्सच्या वृत्तान्तात ती कुठे येते? एका तळटीपेत, आणि तीही उलटी होऊन. तिथे फ्रॉईड म्हणतो, की ज्यूद्वेषाचे सर्वांत खोल मूळ लिंगच्छेदाच्या बालपणीच्या भीतीत आहे. मुलाच्या खोलीत आधी काहीतरी घडते आणि समाज त्याच्यामागून येतो, अशी ही दिशा आहे.

हे पुस्तक ती दिशा उलटी करून पाहणाऱ्या एका स्त्रीच्या विचारांची ओळख करून देते. कॅरेन हॉर्नाय हे नाव मराठीत मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांपलीकडे फारसे गेलेले नाही. तिथेही ते ‘नवफ्रॉईडवादी’ या मथळ्याखाली एरिक फ्रॉम आणि हॅरी स्टॅक सलिव्हन यांच्याबरोबर दोन परिच्छेदांत आटोपते. त्या परिच्छेदांत एक वाक्य हमखास असते: फ्रॉईडने जैविक प्रेरणांवर भर दिला, हॉर्नायने सांस्कृतिक घटकांवर. परीक्षेत त्याला गुण मिळतात. मात्र या वाक्याने एक गैरसमज पक्का होतो, तो असा की बालपण हे एक कारण आणि संस्कृती हे दुसरे. थोडे हे, थोडे ते. हॉर्नायचे म्हणणे यापेक्षा फार अवघड आहे. मुलाला संस्कृती वेगळी अशी कधी भेटतच नाही. ती त्याला आईच्या आवाजात भेटते, वडिलांच्या गप्प बसण्यात भेटते, कुणाला आधी वाढले जाते यात भेटते. आणि म्हणूनच एखाद्याचे बालपण समजून घ्यायचे, तर त्या आईवडिलांना कशाची धास्ती होती, हे विचारावे लागते.

तिचे स्वतःचे बालपण पाहू. जन्म १६ सप्टेंबर १८८५, हॅम्बुर्गजवळचे ब्लांकनीज हे एल्ब नदीवरचे गाव. वडील मूळचे नॉर्वेचे, जहाजावर कप्तान, कर्मठ, महिनोन्महिने समुद्रावर. आई त्यांची दुसरी बायको, वयाने बरीच लहान आणि मनाने त्यांच्यापासून लांब. पहिल्या बायकोची चार मुले होती. सख्खा भाऊ थोरला आणि घराचा लाडका. तेराव्या वर्षापासून कॅरेन रोजनिशी लिहू लागली. ती तिच्या मृत्यूनंतर, १९८० मध्ये पुस्तकरूपाने आली आणि आजही वाचनीय आहे. तिला डॉक्टर व्हायचे होते. मुलींना विद्यापीठापर्यंत नेणारी शाळा हॅम्बुर्गमध्ये नुकतीच निघाली होती. वडील पैसे द्यायला तयार नव्हते, घरच्यांनी त्यांना कसेबसे राजी केले. १९०६ मध्ये तिने वैद्यकासाठी फ्रायबुर्ग गाठले. फ्रायबुर्ग ज्या बाडेन राज्यात होते, तिथल्या विद्यापीठांनी १९०० मध्येच स्त्रियांना रीतसर प्रवेश दिला होता. प्रशियात त्यासाठी १९०८ साल उजाडावे लागले.

तिच्या चरित्रकारांना इथे मोह होतो. कडक बाप, म्हणून पुढे फ्रॉईडशी भांडण. मनोविश्लेषणाच्या जगात प्रतिपक्षाला निरुत्तर करण्याची ही जुनी खोड आहे: त्याचा युक्तिवाद तपासण्याऐवजी त्याचा बाप तपासायचा. मी तिकडे जात नाही. मला या हकिकतीत दुसरेच दिसते. वडिलांचा नकार एकट्या वडिलांचा नव्हता. त्यामागे चर्च होते, प्रशियाचा कायदा होता, मुलीच्या शिक्षणावर केलेला खर्च परत येत नाही हा व्यवहार होता. घरात तो बापाच्या तोंडून बोलला गेला, एवढेच. आणि मुलीला राग आला तो बापाचाच. कायद्याचा राग येण्याइतकी ती तेव्हा मोठी नव्हती.

बर्लिनमध्ये १९१० च्या सुमारास तिने कार्ल आब्राहामकडे विश्लेषण करून घेतले. १९२० मध्ये बर्लिनची मनोविश्लेषण संस्था उभी राहिली तेव्हा ती पहिल्या फळीत होती. तोवर लग्न झालेले, तीन मुली. १९२२ मध्ये बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय अधिवेशनात तिने स्त्रीच्या मनातल्या कमीपणाच्या भावनेवर निबंध वाचला. अध्यक्षस्थानी खुद्द फ्रॉईड. भाषा आदराची, पण शंका उघड. १९२६ च्या निबंधात तो आदरही पातळ झाला. तिथे तिने एक साधी गोष्ट केली. लहान मुलगा मुलीच्या शरीराविषयी काय काय कल्पना करतो, ते एका रकान्यात लिहिले. मनोविश्लेषण स्त्रीविषयी काय सांगते, ते शेजारच्या रकान्यात. दोन्ही रकाने जवळजवळ हुबेहूब निघाले. जॉर्ज झिमेल या समाजशास्त्रज्ञाचा आधार घेऊन तिने विचारले: आपली सगळी संस्कृतीच पुरुषी असेल, तर तिच्यात वाढलेले शास्त्र त्याला अपवाद कसे असेल? मुलींना हेवा वाटत असेलही. पण तो नेमका कशाचा? शरीराच्या एका अवयवाचा, की त्या अवयवाबरोबर घरात, शाळेत, बाजारात आपोआप मिळणाऱ्या मोकळिकीचा?

संस्कृतीचा विचार तिच्याकडे असा आला. मानववंशशास्त्राची पुस्तके तिने पुढे वाचलीच. पण सुरुवात स्वतःच्या शास्त्रातल्या एका खोटेपणाला पकडण्यापासून झाली. हे लक्षात ठेवायला हवे, कारण १९२० आणि ३० च्या दशकांत संस्कृतीविषयी बोलणारे इतर पुष्कळ होते. मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने ट्रोब्रिअंड बेटांवरून येऊन सांगितले, की जिथे मुलाला शिस्त लावण्याचे काम मामाकडे असते तिथे मुलाचा राग मामावर जातो आणि वडील मित्रासारखे राहतात. मनोविश्लेषक अर्नेस्ट जोन्सने लगोलग फ्रॉईडची बाजू घेऊन तो राग मुळात वडिलांवरचाच असल्याचे उत्तर दिले. मार्गारेट मीडचे सामोआवरचे पुस्तक १९२८ चे, रूथ बेनेडिक्टचे संस्कृतींच्या आकृतिबंधांवरचे १९३४ चे. मीडच्या सामोआवर पुढे फार वाद झाले. या मंडळींनी दूरच्या समाजांत जे पाहिले ते हॉर्नायने सल्ला घ्यायला आलेल्या शहरी, शिकलेल्या, वरकरणी सुखवस्तू माणसांत पाहिले.

१९३२ मध्ये मनोविश्लेषक फ्रान्झ अलेक्झांडरच्या बोलावण्यावरून ती शिकागोला गेली आणि दोन वर्षांनी न्यूयॉर्कला. महामंदीचा काळ. अमेरिकेतले पेशंट बर्लिनच्या पेशंटसारखे नाहीत, हे तिच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. शरीर तेच, बालपणीची वर्षे तेवढीच, कुटुंबातली माणसे तीच. मग फरक कुठून आला? या प्रश्नातून १९३७ चे ‘द न्यूरॉटिक पर्सनॅलिटी ऑफ अवर टाइम’ हे पुस्तक आले. ते सर्वसामान्य वाचकांत खूप वाचले गेले आणि तिच्या सहकाऱ्यांच्या कपाळावर आठ्या पडू लागल्या. १९३९ च्या पुढच्या पुस्तकात तिने फ्रॉईडची एकेक कल्पना घेऊन तपासली. १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या मनोविश्लेषण सोसायटीने मतदान घेऊन तिचा प्रशिक्षक विश्लेषक म्हणून असलेला अधिकार काढून घेतला. ती आणि तिच्यासोबत काही जण सभागृहातून उठून गेले आणि त्यांनी वेगळी संस्था काढली. फुटणे ही मनोविश्लेषणाच्या संस्थांची परंपराच आहे. हॉर्नायच्या नव्या संस्थेतूनही दोन वर्षांत फ्रॉम बाहेर पडला.

आता मूळ मुद्दा. न्यूरोसिस झालेला माणूस वेडा नसतो. तो नोकरी करतो, संसार करतो, सणासुदीला पाहुणचार करतो. त्याचे दुखणे असे, की ठराविक प्रसंगी तो ठराविकच वागू शकतो. दुसरे काही वागणे त्याच्या हातात उरलेले नसते. हॉर्नायने दोन खुणा सांगितल्या: प्रतिसादातला ताठरपणा, आणि माणसाच्या अंगी असलेली ताकद व त्याच्या हातून प्रत्यक्षात होणारे काम यांतली तफावत. पण त्याच्याही आधी तिने एक अट घातली. वागणे विचित्र आहे की नाही, हे त्या त्या संस्कृतीला विचारल्याशिवाय ठरवू नका. मेलेल्या आजोबांशी रोज तासभर बोलणारा माणूस न्यूयॉर्कमध्ये पेशंट ठरेल. जिथे पूर्वजांशी बोलण्याची रीत आहे तिथे तो चारचौघांसारखा. मराठी वाचकाला यासाठी अमेरिकेतल्या आदिवासी टोळ्यांपर्यंत जायची गरज नाही. दहाव्याला पिंड ठेवून कावळ्याची वाट पाहत उभे असलेले कुटुंब आठवावे. कावळा शिवत नाही. मग कुणीतरी पुढे होऊन गेलेल्या माणसाला मोठ्याने सांगते, की धाकटीचे लग्न आम्ही करू, काळजी करू नका. त्या घाटावर कुणालाच हे आजाराचे लक्षण वाटत नाही आणि ते नसतेच. तिथे एखादा माणूस आजारी असेल, तर तो कदाचित वेगळाच कुणीतरी असेल: ज्याला रडू येत नाही, आणि रडू येत नाही म्हणून आपण वाईट आहोत असे वाटून पुढची दहा वर्षे जो प्रत्येकाची कामे करत राहणार आहे.

असा माणूस घडतो कसा? हॉर्नायचे उत्तर तिच्या सगळ्या लेखनाचा कणा आहे, म्हणून इथे जरा थांबू. एक घर घ्या. मारहाण नाही, उपासमार नाही. आईवडील आपापल्या विवंचनेत इतके गुंतलेले, की मुलाकडे पाहताना त्यांना मूल दिसतच नाही. आपली राहून गेलेली हौस दिसते, नाहीतर नातेवाइकांत होणारी शोभा किंवा नाचक्की. कौतुक आहे, पण निकालाच्या दिवशी. माया आहे, पण तिच्याबरोबर ‘तुझ्यासाठी किती खस्ता खाल्ल्या’ हे बिल येते. मुलाला हे सांगता येत नाही, पण कळते, आणि राग येतो. या रागाचे करायचे काय? ज्यांच्यावर राग आहे त्यांच्याशिवाय जगता येत नाही. रागावलो तर ते टाकतील ही भीती. शिवाय त्यांच्यावर प्रेमही आहे. आणि राग येणे हेच पाप, असे घरात शिकवलेले. चारही वाटा बंद. मूल राग गिळते, आणि इतका गिळते की तो आपल्याला आला होता हेही नेणिवेत जाते.

गिळलेला राग जिरत नाही. तो बाहेरच्या जगात दिसू लागतो. जगच आपल्यावर रागावलेले आहे, कधीही उलटेल, आणि आपण एकटे, दुबळे आहोत, अशी एक अंधुक जाणीव कायमची मुक्कामाला येते. हॉर्नायची ‘मूलभूत चिंता’ ती हीच. फ्रॉईडच्या चिंतेत माणूस स्वतःच्या वासनांना भितो. हिच्यात माणूस माणसांना भितो. म्हणून त्या चिंतेवरचे उपायही माणसांशी कसे वागायचे याचेच असतात. कुणी माणसांच्या अंगावर रेलतो: मला जीव लावाल तर मला दुखावणार नाही. कुणी माणसांच्या अंगावर जातो: माझ्या हातात सत्ता असेल तर मला कोण दुखावेल? कुणी माणसांपासून सरकतो: मला कुणाचे काही नकोच. निरोगी माणूस प्रसंग पाहून तिन्ही गोष्टी करतो. न्यूरॉटिक माणसाची एकच वाट सक्तीची झालेली असते आणि बाकीच्या दोन आतल्या आत धुमसत राहतात.

इथे हॉर्नायने आणखी एक पाऊल टाकले, जे मला तिच्या सगळ्या कामात सर्वांत मोलाचे वाटते. बालपणी काय झाले एवढ्यावर ती थांबत नाही. ते आज का टिकून आहे, असे ती विचारते. चाळिशीतल्या माणसाचे दुखणे तीन वर्षांच्या वयातल्या एका प्रसंगाने चालू राहत नाही. ते रोज नव्याने जळण घेते. प्रेमाची भूक असलेला माणूस प्रेम इतक्या हट्टाने मागतो, की समोरचा कंटाळतो. कंटाळलेला चेहरा पाहून याची भीती वाढते. भीती वाढली की मागणी वाढते. हे चक्र आज, या घरात, या ऑफिसात फिरते आहे. विश्लेषकाने जुन्या आठवणींची खाण उपसत बसण्यापेक्षा या चक्राकडे पाहावे, असे ती म्हणू लागली. सनातनी फ्रॉईडवाद्यांना याचाच सर्वाधिक राग आला, कारण यात त्यांचा धंदाच बदलत होता.

आणि चक्राला गती देणारी संस्कृती याच ठिकाणी पुन्हा आत येते. १९३७ च्या पुस्तकाचे शेवटचे प्रकरण तीनच विसंगतींचे आहे. लहानपणापासून एकीकडे यशाची आणि दुसऱ्याला मागे टाकण्याची शिकवण, दुसरीकडे बंधुभावाची आणि नम्रतेची. एकीकडे जाहिराती आणि दिखावा यांनी चेतवलेल्या गरजा, दुसरीकडे त्या भागवायला न पुरणारी मिळकत. एकीकडे माणूस स्वतंत्र आहे असे आश्वासन, दुसरीकडे पदोपदी आडवे येणारे अडसर. बहुतेक माणसे या विसंगती कशाबशा सांभाळतात. ज्यांचे बालपण कठीण गेले त्यांना त्या सांभाळता येत नाहीत. त्यांच्यात त्या उघड दिसतात. पण विसंगती त्यांच्या एकट्याच्या नसतात. प्रत्येक आजाऱ्यात त्याचा काळ वाचता येतो, असा या प्रकरणाचा अर्थ मी घेतो.

१९५० च्या शेवटच्या मोठ्या पुस्तकात भर आणखी आत सरकला. चिंताग्रस्त मूल स्वतःची एक भव्य प्रतिमा उभी करते आणि मग आयुष्यभर त्या प्रतिमेची चाकरी करते. मी कधी चुकायला नको, कुणावर रागवायला नको, सगळ्यांना पुरून उरायला हवे: ‘हवे’ आणि ‘नको’ यांचा हा जुलूम. महाराष्ट्रातल्या वाचकाला ही कल्पना ओळखीची वाटेल आणि त्याला कारण आहे. अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत माणसाच्या आग्रही, हट्टी ‘च’वर जो सगळा हल्ला आहे, त्याचे एक उगमस्थान हॉर्नाय आहे, एलिसने ते स्वतः मान्य केले होते. त्याने तरुणपणी विश्लेषण करून घेतले तेही हॉर्नायच्या संस्थेतल्या चार्ल्स हुल्बेककडे. हे हुल्बेक म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या वेळी झुरिक आणि बर्लिनमध्ये दादा चळवळीचा धुडगूस घालणारा कवी रिचर्ड ह्युल्झेनबेक; अमेरिकेत येऊन नाव बदललेला. कि. मो. फडके यांच्यामुळे एलिस मराठीत आला, रुजला, आणि त्याचा ‘च’ घराघरांत पोहोचला. मात्र एलिसने फक्त ‘च’ घेतला. तो ‘च’ कुठल्या घरातून, कुठल्या भीतीतून आला, हा हॉर्नायचा प्रश्न त्याला उपचारासाठी गरजेचा वाटला नाही. मराठीत उत्तर आधी आले आणि प्रश्न आता येतो आहे, तो असा.

मुलाच्या मनात संस्कृती कुठे येते, हा प्रश्न भारतात याआधीही विचारला गेला होता. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये कलकत्त्यात भारतीय मनोविश्लेषण सोसायटी स्थापन केली, आणि १९२९ मध्ये फ्रॉईडला कळवले की आपल्या भारतीय पेशंटमध्ये लिंगच्छेदाची भीती युरोपीय पेशंटइतकी ठळक दिसत नाही. फ्रॉईडने सौजन्याने उत्तर दिले आणि विषय तिथेच राहिला. सोसायटीने त्याच्या पंचाहत्तरीला पाठवलेली हस्तिदंताची विष्णुमूर्ती मात्र त्याने टेबलावर ठेवली. पुढे ए. के. रामानुजन यांनी दाखवले की आपल्याकडच्या कथांत मुलगा बापाला मारत नाही. बापच मुलाकडून काहीतरी घेतो आणि मुलगा देतो. ययाति आणि पुरू. खांडेकरांची कादंबरी वाचलेल्या पिढ्यांना हे दान केवढे थोर वाटले, हे आठवून पाहावे. दान देणाऱ्या मुलाला राग आला असेल का, हा प्रश्न आपल्याला सहसा सुचत नाही. हॉर्नायला तो पहिल्यांदा सुचला असता.

सुधीर काकर यांनी ‘द इनर वर्ल्ड’ या १९७८ च्या पुस्तकात हिंदू बालपणाचे सविस्तर चित्र काढले: आईशी दीर्घकाळ, जवळजवळ अखंड जवळीक, मग चारपाच वर्षांच्या सुमारास मुलाला एकदम पुरुषांच्या जगात ढकलणे, त्या ताटातुटीचा ओरखडा. एरिक एरिक्सन गांधींवरच्या पुस्तकाच्या कामासाठी अहमदाबादला आले असताना इंजिनीअर झालेले तरुण काकर त्यांना भेटले आणि काकरांचा रस्ता बदलला. काकर यांची अखेरची वर्षे गोव्यात, बाणावलीला गेली. २०२४ मध्ये ते वारले. त्यांचे चित्र सुंदर आहे, पण त्यातले मूल बहुतेक वेळा मुलगा आहे, आणि वरच्या जातीतला. त्याच १९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ आले. कावाखान्यातले आणि महारवाड्यातले ते बालपण काकर यांच्या चौकटीत मावत नाही.

ते हॉर्नायच्या चौकटीतही सहज मावत नाही, आणि माझा तिच्याशी मुख्य मतभेद इथेच आहे. भीती धोक्याच्या मानाने असते आणि चिंता धोक्याच्या मानाने फाजील, असा भेद ती करते. तिच्या पेशंटना जग वैरी वाटते. ते तितके वैरी नसते. पण जिथे पाणवठ्यावरून हाकलले जाते, शाळेत वेगळे बसवले जाते, तिथे जग वैरी असणे हा मुलाचा भ्रम नसतो. तिथे आईवडील मुलाला दबून राहायला शिकवतात ते त्यांना माया नाही म्हणून नव्हे. हॉर्नाय ‘आपला काळ’ म्हणते तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर फी देऊ शकणारी गोरी मध्यमवर्गीय माणसे आहेत. शिकागो आणि न्यूयॉर्कमधल्या काळ्या माणसांविषयी तिच्या १९३७ च्या पुस्तकात जवळजवळ काही नाही, आणि व्हिएन्नातल्या ज्या द्वेषाने ग्राफ यांची झोप उडवली होती तोच द्वेष १९३३ नंतर तिच्या बर्लिनच्या सहकाऱ्यांना देशोधडीला लावत होता, त्याचेही फार थोडे. तिने दिशा उलटी केली, पण समाज म्हणजे स्पर्धा, एवढेच तिने धरले. मारणारा, हाकलणारा, वाळीत टाकणारा समाज तिच्या सिद्धान्तात आणून बसवण्याचे काम शिल्लक आहे, आणि ते मराठीत व्हावे इतकी आत्मचरित्रे आपल्याकडे आहेत.

या पुस्तकाच्या लेखिकेने हॉर्नायचे विचार सोपे केले आहेत, पण सपाट केलेले नाहीत. उदाहरणे आपल्या घरांतली घेतली आहेत. एखाददुसरे जरा जास्त गोड झाले आहे. तीन प्रवृत्तींच्या प्रकरणात वाचक आपल्या सासूबाईंचे, मेहुण्याचे आणि साहेबांचे नाव समासात लिहील, हे मी धरूनच चाललो आहे. पेन्सिलने लिहावे, कारण पुढच्या प्रकरणात खोडावे लागते.

पहिल्यापासून वाचायचा कंटाळा येईल त्यांनी क्लेअरच्या प्रकरणापासून सुरुवात करावी. ही हकिकत हॉर्नायच्या १९४२ च्या आत्मविश्लेषणावरच्या पुस्तकातली आहे. क्लेअरच्या आईला हे मूल नको होते. आई आणि थोरला भाऊ यांचा गट एक, क्लेअर बाहेर. आई घरादाराच्या कौतुकाचा विषय. मग या मुलीनेही एके दिवशी आपली तक्रार सोडली आणि ती आईच्या भक्तमंडळात सामील झाली. तिला आत घेतले गेले, पण त्यासाठी तिने आपल्याला काय दिसते आणि काय वाटते यावरचा भरवसा देऊन टाकला. पुढे प्रत्येक पुरुषापुढे तिने तोच सौदा केला. क्लेअर म्हणजे खुद्द हॉर्नाय, असे तिच्या बहुतेक अभ्यासकांचे मत आहे.